पुतळी बिनविरोध निवडून आली

पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात नाथा म्हात्रे पेढे वाटत होता. पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या, त्या पहिल्याच निवडणुकीत त्याची बायको पुतळी बिनविरोध निवडून आली होती.

नाथाची थोरली बहीण सगुणा रोह्याहून आली होती. ती तिथल्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवी आणि पंचायत निवडणुकांचे नवे नियम ठरवणाऱ्या सरकारी समितीवर होती. नाथाला तिचा भारी अभिमान!

"ताई, भांडण नाय, तंटा नाय. तुझ्या समितीत आमच्या गावाचा दाखला दे!"

"पण कातकरवाडीची कमळी उभी होती ना? तिनं माघार का घेतली?"

उत्तर दिलं पुतळीनं, मान खाली घालून. "तिनं अर्ज भरल्यापासून वाडीला गावच्या विहिरीवर येऊ देत नव्हते. कमळीची सासू येसू डबक्यातलं पानी प्याली. हगवण लागून गेली बिचारी. तिला माती देऊन कमळी तशीच अर्ज मागं घ्यायला गेली."

सगुणाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"गावाच्या एकीसाठी केलं," नाथा पुटपुटला.

"एकी? अरे, दहशत हाय ही! गरिबाला निर्भयपणं उभं राहता येत नसेल, तर ती निवडणूक कसली?"

दुसऱ्या दिवशी तिनं पेणला जाऊन तक्रार केली, सख्ख्या भावाचं नाव घेऊन. "तू मला मेलीस!" म्हणत नाथानं तिला दार बंद केलं.

चौकशीला अधिकारी आले. गाव म्हणालं, विहीर कुणी बंद केलीच नाय. कमळी तर तोंडच उघडीना. मांडीशी तिची पोरं होती. अधिकारी उठणार, तोच पुतळी पुढे झाली.

"विहिरीवर माझा नवरा उभा होता. मला ही मेंबरकी नको!"

नाथा ताडकन उठला. आता बायकोवर हात टाकतो, असंच साऱ्यांना वाटलं. पण त्याची नजर कमळीकडे गेली आणि तो अधिकाऱ्यांकडे वळला.

"व्हय साहेब. येसू हंडा घेऊन आली होती. मीच तिला परत पाठवली."

निवडणूक रद्द झाली. नाथावर खटला भरला गेला. माघार घेणाऱ्याला अधिकाऱ्यानं एकटं बसवून कारण विचारावं, असा नियम सगुणानं समितीकडून करून घेतला आणि तो सांगायला ती वाडीवर गेली.

"नियम चांगला हाय, बाई," कमळी म्हणाली. "पन सासू गेली माझी. मी नाय आता उभी राहनार."

सगुणाला आग्रह करवला नाही.

वाचकहो, आपल्याही गावात कुणी बिनविरोध निवडून येईल. गुलाल उधळण्याआधी एवढं जरूर विचारा: विरोध नव्हता, की विरोध करायची कुणाची छातीच झाली नाही?