नारळ कुणाच्या मळ्यात उठतो?

नारळ उठला! नारळीबाबाच्या तळहातावर आडवा पडलेला, हळदीकुंकवानं माखलेला नारळ आधी थरथरला, मग सावकाश शेंडी वर करून ताठ उभा राहिला. सगळी पांगरवाडी एका आवाजात ओरडली, "आईचा उदो उदो!" बायांनी पदर पसरले. दोन म्हातारे तर तिथंच ढेकळांत आडवे झाले.

"खाली गंगा आहे गंगा!" बाबा डोळे गरगर फिरवत म्हणाला. "पाताळातून थेट त्र्यंबकेश्वराहून आलेली! पाणी नाही लागलं तर ही दाढी उतरवीन."

दाढी काय, दोन महिन्यांत परत उगवते, असं गर्दीत मागे उभ्या असलेल्या सावळीराम गुरुजींच्या मनात आलं.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. सिन्नर तालुक्यात प्यायला पाणी उरलं नव्हतं. सरकारनं पांगरवाडीच्या बौद्धवाड्यासाठी एक विहीर मंजूर केली होती, कारण वाड्यातल्या बायकांना गावच्या विहिरीवर घागर बुडवायची बंदी होती. वरून कुणी ओतील तेवढंच त्यांचं पाणी. ओव्हरशिअर खलीलसाहेबांनी दोन दिवस उन्हात फिरून, जमीन पाहून, वाड्याजवळच्या नाल्याकाठी खुंटी ठोकली होती. तेवढ्यात सरपंच धोंडीतात्यांना साक्षात्कार झाला की पाण्याचं काम म्हणजे देवाचं काम, आणि त्यांनी नारळ उठवून पाणी दाखवणाऱ्या नारळीबाबाला बोलावलं. नारळ गावभर फिरला आणि उठला तो नेमका तात्यांच्या मळ्यात, त्यांच्या केळीच्या बागेला लागून!

पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती. तात्यांना एका नारळात मतं आणि केळी दोन्ही पिकवायची होती.

गुरुजी पारावर उघड सांगत, "देव आणि पुढारी, दोघांना एकच खोड. काम करायचं नाही आणि हार मात्र घ्यायचे. फरक एवढाच, की देव हार मागायला दारात येत नाही." असल्या बोलण्यामुळे गावानं त्यांना 'उलट्या खोपडीचा मास्तर' असं नाव ठेवलं होतं. पण विहीर समितीच्या कागदावर त्यांची सही लागत होती आणि ती मिळेपर्यंत तात्यांचं घोडं अडलं होतं.

"गुरुजी, करा सही," तात्या गोड आवाजात म्हणाले. "इहीर माझ्या मळ्यात झाली तरी पानी समद्यांचंच हाय."

"आमच्या घागरीत कोन वतनार?" वाड्यातली चांगुणा पुढे येऊन म्हणाली. "तुमच्या बांधावर उभं राहायचं आन् तुमच्या गड्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, व्हय ना?"

"ए बाई, देवीच्या मधी बोलू नगं!" तात्या खेकसले.

गुरुजी बाबाकडे वळले. "महाराज, पाणी तुम्हाला दिसतं की नारळाला?"

"मला डोळे लागत नाहीत, बालका," बाबानं छाती फुगवली. "नारळाला तीन डोळे आहेत!"

"मग तुमचे दोन बांधले तर काही बिघडणार नाही."

बाबाचा चेहरा क्षणभर उतरला. पण अख्खं गाव ऐकत होतं, आता माघार कशी घेणार? "बांधा!" तो गरजला. "पण कुणी चकार शब्द काढायचा नाही, देवी रुसेल. आणि आज धरणी जागृत आहे, सगळ्यांनी पायताणं काढा."

गुरुजींनी स्वतःचं उपरणं बाबाच्या डोळ्यांवर घट्ट आवळलं, त्याला चार गिरक्या घालायला लावल्या आणि हाताला धरून निघाले. शाळेमागून नेला, ओढ्यातून नेला, उलटा फिरवला, पुन्हा फिरवला. नारळ मुकाट पडून होता. गुरुजींना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आणि मळ्यात पाय पडून थोडं पुढं जातात, तोच नारळ थरथरला आणि उठला! तोच बांध, तीच केळीची बाग.

गाव वेडं झालं. "उदो उदो" करत लोक बाबाच्या पायांवर लोळले. "आता बोला, मास्तर!" कुणीतरी ओरडलं. गुरुजी खरोखर चपापले. चांगुणानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती नजर त्यांना फार लागली.

तात्या पूजेला बसायला निघाले. मळ्याच्या कडेला त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. नव्या कोऱ्या, पावलागणिक करकर वाजणाऱ्या, चार घरांपलीकडून तात्या आल्याची वर्दी देणाऱ्या वहाणा. गुरुजी थबकले. गाव सगळं अनवाणी होतं. देवीनं सूट दिली होती ती एकट्या सरपंचाला. आणि मघाशी सगळे तोंड मिटून चालले असताना पुढं कोण चाललं होतं, अन् नेमक्या त्या जागी येऊन कुणाची करकर थांबली होती, ते त्यांना आता आठवलं.

"महाराज," गुरुजी हात जोडून म्हणाले, "आणखी एकदाच. नारळ उठला तर सही करतो आणि गावादेखत तुमचे पाय धरतो."

पाय धरणारा मास्तर! बाबाला एवढा मोह कसा आवरणार? त्यानं आपणहून डोळे बांधायला दिले आणि पुन्हा सगळ्यांना गप्प केलं.

गुरुजींनी चांगुणाला खूण केली. आधी वहाणांकडे, मग मारुतीच्या देवळामागच्या काळ्या कातळाकडे. ती जराशी बिचकली. मग तिनं सरळ तात्यांच्या वहाणांत पाय घातले आणि चालू लागली. करकर, करकर.

पूजेच्या पाटावर बसलेले तात्या ताडकन उठले. बोलावं तर काय बोलावं? बाबा, त्या वहाणांत मी नाही, असं? त्यांनी खाकरून पाहिलं, तर शेजारच्या दहा जणांनी "शूऽऽ" केलं.

चांगुणा नाल्यापाशी आली. खलीलसाहेबांच्या खुंटीजवळ जागच्या जागी पावलं वाजवत तिनं वळून गुरुजींकडे पाहिलं. इथंच थांबू का?

गुरुजी मनात हिशोब करू लागले. इथं नारळ उठला तर गाव लोटांगण घालेल आणि वाड्याला आजच्या आज विहीर मिळेल. लबाडी बाबाची, पाणी वाड्याचं. काय बिघडलं? पण देवीनं दिलेल्या विहिरीवर आठ दिवसांत शेंदूर फासलेला दगड बसतो, महिन्यात पुजारी येतो, आणि कुणाची घागर विटाळाची ते मग तोच ठरवतो. असली राजकारणं त्यांनी या गावी येण्याआधी नाशकात पुष्कळ पाहिली होती आणि त्यांवर पोटभर थुंकलेही होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. चांगुणाच्या डोळ्यांत राग उतरला. तरी ती पुढं गेली.

कातळावर जाऊन तिनं दोन पावलं आपटली आणि ती थांबली. मागून बाबा आला. तळहात थरथरला. नारळ ताठ!

"हीच! हीच ती गंगा!" बाबा किंचाळला. "खणा इथं!"

एकही उदो ऐकू आला नाही. गुरुजींनी उपरणं सोडलं. पायाखाली गवताची काडी उगवत नाही असा कातळ, आणि समोर तात्यांच्या वहाणा घातलेली चांगुणा. बाबानं डोळे मिचकावले. आधी एक म्हातारी फिस्सकन हसली, मग सगळं गाव हसलं.

"याला पाणी सापडत नाही," गुरुजी म्हणाले, "याला पुढारी सापडतो!" त्यांनी नारळ हिसकावून चांगुणाच्या तळहातावर आडवा ठेवला. "बोटं किंचित खाली कर. आता अंगठ्याखालचा मांसल भाग हळूच आवळ." चांगुणानं तळहात आवळला. नारळ डुगडुगला, आतलं पाणी एका अंगाला सरकलं, आणि शेंडी वर करून नारळ उभा राहिला. "झाली ही देवी! पाहिलंत? मघाशी याचा हात थरथरत होता तो भक्तीनं नव्हे."

बाबा गर्दीतून वाट काढायला लागला. दाढीची आठवण त्याला कुणी करून दिली नाही.

"पन गुरुजी," एक म्हातारा म्हणाला, "नाल्यावं तरी पानी लागंल का? नक्की?"

"नक्की नाही," गुरुजी म्हणाले. लोक चमकले. "साहेबांनी जमीन पाहिली, भोवतालच्या विहिरी पाहिल्या आणि अंदाज बांधला. अंदाज चुकू शकतो. चुकला तर त्यांच्या कचेरीत जाऊन जाब विचारू, ते उत्तर देतील. नारळाला कुणी जाब विचारलाय कधी? म्हणूनच पुढाऱ्यांना नारळ आवडतो. अरे, देवळात काय करायचं ते करा, पण जिथं पाणी, रेशन आणि मत यांचा प्रश्न आहे तिथं डोळे उघडे ठेवा आणि विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत!"

चांगुणानं वहाणा काढल्या नाहीत. तशीच करकर वाजवत ती, गर्दीमागून धावत आलेल्या तात्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"मंग तात्या, तुमीच सांगा. सरकारनं आमाला दिलेली इहीर तुमच्या मळ्यात कशापायी पाहिजे हुती?"

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं. नेहमीसारखं कुणी मधे पडलं नाही. सगळी पांगरवाडी उन्हात उभी राहून उत्तराची वाट पाहत होती.