डावीकडचं भूत

"तुमच्या भुताला बोट लागते का हो?"

टिली कॉर्कमनं अग्निशमन दलाच्या भरल्या हॉलमध्ये हे विचारलं. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी शेल्बी आणि नोरीन एकमेकींच्या खांद्यात तोंडं खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. "विचारून दाखव, नाहीतर तू भित्री भागूबाई!" गेल्या वर्षीची टिली टेबलाखाली लपली असती. पण या सप्टेंबरात तिनं अख्ख्या दहावीसमोर भाषण ठोकलं होतं, आणि तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज फार, म्हणजे फारच आवडायला लागला होता.

माँट्रियालहून आलेल्या सोलांजबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची कॉफी बाहीवर सांडली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पैज होती."

"ये. पुढचा नंबर तुझा."

सोलांजबाईंनी एक खेळ बनवला होता, 'काळं सुकाणू'. दिसायला थेट सिनेमा. पण सिनेमातल्या माणसानं काय करायचं ते आपण ठरवायचं. धुक्यात लॉबस्टरची एक बोट, तिच्यावर चाळीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेला कॅप्टन, आणि तुम्ही. खेळ कोळ्यांचा, म्हणून बाजारात आणण्याआधी तो कोळ्यांच्याच पोरांकडून खेळवून बघायला त्या आमच्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर आल्या होत्या. नियम एकच: खेळणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं, आणि बनवणाऱ्यांनी मागे तोंड शिवून बसायचं.

मोठ्यानं बोलायचं! टिलीला हे काम देवानंच पाठवलं होतं.

"हं, धुकं. आमच्याकडे याहून दाट असतं. ही दोरी कुणी बांधली? माझ्या बाबांनी बघितली तर रडतील. परवा सोमवारी लॉबस्टरचा हंगाम उघडतोय, सगळ्या बोटी पिंजरे टाकायला जाणार, आणि मला यंदाही नेत नाहीयेत. का, तर पहिल्या दिवशी बाई बोटीवर नको, अपशकुन! नोरीनच्या मावशीची स्वतःची बोट आहे, तिला कोण सांगणार? तीन वर्षं झाली मी मागे लागलेय. बरं, हे काय आलं? सुकाणू डावीकडे की उजवीकडे?"

पडद्याखालची पट्टी आक्रसायला लागली. ती संपायच्या आत ठरवायचं असतं.

"उजवीकडे. यात विचारायचं काय?"

बोट गोल वळली, मुकाट धक्क्याला लागली. खेळ खलास. भूतबित काही नाही.

"नववी! उजवीकडे वळणारी ही नववी!" सोलांजबाईंच्या शेजारी बसलेला त्यांचा सहकारी गिलेन ताडकन उठला. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. "मी म्हणतो ना, डावं बटण मेलंय!" सकाळपासून त्यानं ते यंत्र तीनदा उघडलं होतं.

"बटण ठणठणीत आहे, काका," टिली म्हणाली. "पण डावीकडे वळवणार कोण? बंदरातून निघताना बोट सूर्याच्या चालीनंच, म्हणजे उजवीकडेच वळवायची. उलटी वळवली की कुणीतरी बुडतं. हे शेंबडं पोरही सांगेल."

पहिल्या रांगेतल्या एका शेंबड्या पोरानं मान डोलावली.

सोलांजबाईंनी कपाळावर हात मारला. "अकरा महिने! अकरा महिन्यांचं काम आम्ही डावीकडे ठेवलंय गं!"

टिलीनं पुन्हा सुरुवात केली. या वेळी अंगठा डाव्या बटणावर.

"टिले, नको!" शेल्बी ओरडली. "तुझे आजोबा थडग्यातून उठतील!"

"उठू देत. परवा पहाटे सगळ्यांनाच उठायचंय."

आणि तिनं दाबलं.

धुकं फाटलं. कॅप्टन आला. दाढीत शेवाळ, डोळे कंदिलासारखे. नोरीन किंचाळली. कॅप्टननं हात उगारला, भयंकर जबडा उघडला, कठड्याकडे धावला आणि भडाभडा ओकला.

हॉल हशानं नुसता फुटला. गिलेनसुद्धा पोट धरून हसत होता. आपलं भूत दिवसभरात कुणीतरी बघितलं एकदाचं!

"बावीस वर्षं," तोंड पुसत भूत म्हणालं, "रोज बोट लागायची. कुणाला कळू नये म्हणून धुक्यात एकटाच निघालो. कठड्यावर वाकलो, तो गेलोच."

पडद्यावर तीन वाटा आल्या. हसा. गप्प राहा. त्याच्या खिशात काय आहे ते बघा.

"खिसा," टिली म्हणाली.

खिशातून मेणकागदाची पुडी निघाली. आत आल्याची बिस्किटं, बोट लागण्यावरचा जुना उपाय.

टिली गप्प झाली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"बोल ना," सोलांजबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोलायचं असतं."

"हे नाही बोलणार," टिली म्हणाली.

कारण अशीच पुडी आई दर वर्षी पहिल्या दिवशी बाबांच्या खिशात सरकवायची. घरी बाबा आल्याच्या बिस्किटाला बोटसुद्धा लावत नसत. आणि संध्याकाळी परतायचे तेव्हा चेहरा पिठासारखा पांढरा. "काही नाही, झोप झाली नाही." अपशकुन म्हणे!

ती घरी पोचली तेव्हा जेवणाचं टेबल मांडलं होतं. आई हॅडक माशाचं दाट सूप वाढत होती, बाबा पावाला लोणी लावत होते.

"बाबा, मी आज बोट डावीकडे वळवली."

बाबांची सुरी खाली पडली. "कुणाची?"

"खेळातली. कुणी बुडलं नाही. उलट एक जण सुटला."

"खेळात ठीक आहे. खऱ्या बोटीवर असले चाळे चालत नाहीत. म्हणून तर म्हणतो, पहिल्या दिवशी बाई..."

"डॅरल," आई बाबांना नुसतं एवढंच म्हणाली आणि सुपात बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, हसू दाबल्यासारखे.

टिली बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली, भाषणाच्या वेळी उभी राहिली होती तशी.

"सोमवारी मी बोटीवर येतेय. विचारत नाहीये, सांगतेय. पिंजऱ्यांत आमिष मी भरणार. आई, आल्याची बिस्किटं दोन पुड्या बांध. मला बोट लागली तर मी बाबांच्या शेजारी उभी राहून ओकेन, आणि गावात कुणाला सांगणार नाही. नाही लागली, तर माझी पुडीही बाबांची."