साडेतीन मीटर किनार

“हाऊ एक्स कोन शे?” निंबाने विचारलं.

“चौकोनाला किती किनार जाईल, तो. अजून माहीत नाही म्हणून एक्स,” गायत्री म्हणाली.

माहीत नसलेल्यालाही निदान नाव देतात, हे निंबाला आवडलं. पर्वत पाटिया वस्तीजवळच्या कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं सगळे त्याला मास्तर म्हणत. नाव विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कापडाचे थर अंथरून त्यावर कुर्त्यांचे भाग असे आखायचे, की चिंधी कमीत कमी पडावी. तिथे झाडलोट करणाऱ्या चंपाबाईची कायमची तक्रार, की या मास्तरच्या राज्यात पुसायला फडकंसुद्धा मिळत नाही.

आज रविवार होता आणि पुढ्यात त्याच्या बायकोची, उषाबाईची साडी होती. उषाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. साडी बहुतेक विरलेली. धड निघाला तो पन्ह्याच्या रुंदीएवढा एक चौरस तुकडा आणि उसवून काढलेली साडेतीन मीटर जरीची किनार.

चलथाणला दिलेल्या थोरल्या लेकीला, सुषमाला महिन्याचं बाळ होतं. तिला किनार लावलेली चौकोनी गोधडी. धाकटी गायत्री परवा बडोद्याला होस्टेलवर निघणार होती. तिने एक गोल उशी मागितली होती, खुर्चीत पाठीला लावायला. का, ते सांगितलं नव्हतं आणि निंबाने विचारलं नव्हतं. बारावीच्या वर्षी ती जमिनीवर अभ्यासाला बसली, की उषाबाई तिच्या पाठीला पाठ टेकून भाजी निवडायची, हे त्याने पाहिलेलं होतं.

सकाळपासून निंबाने किनारीवर चार वेळा खडू टेकवला आणि चार वेळा उचलला. लाखभर कुर्ते कापलेला हात. शेवटी तो म्हणाला, “बेटा, दोन्हीस्नं मिळीसन जास्तीत जास्त कितलं कापड व्हस, ते काढ. मंग कापसू.”

गायत्री शाळेत गुजराती, घरात मराठी आणि गणितात अबोल होती. तिने वही उघडली. चौकोनाची बाजू एक्स भागिले चार, म्हणून क्षेत्रफळ एक्स वर्ग भागिले सोळा. उरलेली किनार म्हणजे गोलाचा घेर. त्याचं क्षेत्रफळ साडेतीन वजा एक्स, त्याचा वर्ग, भागिले चार π. मध्ये अधिकचं चिन्ह. आई एका ओळीत बसली.

मग तिने आलेख काढला, आणि पेन्सिल थांबली.

किनार निम्मी-निम्मी वाटली, तर दोन्ही मिळून जवळजवळ सगळ्यात कमी भरत होतं. जास्तीत जास्त भरत होतं ते एका टोकाला: चौकोन शून्य, सगळी किनार गोलाला. एकच वस्तू.

आप्पांना यातलं काही तपासता येणार नव्हतं. मधला कुठलाही आकडा सांगितला असता, तरी त्यांनी तिथे खडू लावला असता. ती बराच वेळ खोडरबराचे कण गोळा करत राहिली.

निंबा वाकून आलेख पाहत होता. दोन्ही टोकं वर आणि मधे खाली ओघळलेली रेघ. “हाई ते झोळी दखास,” तो म्हणाला.

“आप्पा, किनार कापायचीच नाही, असं येतंय.”

“कागद कापू नको सांगस?”

“हो. सगळी गोलाला. एकीलाच.”

निंबाने खडू खाली ठेवला. सकाळपासून वर चढलेले त्याचे खांदे उतरले. ते गायत्रीने पाहिलं आणि मग तिला सोपं गेलं.

“ताईला,” ती म्हणाली. “बाळाला गोल चालेल.”

निंबाने वही जवळ ओढली, न कळणाऱ्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं आणि वही सरळ करून परत तिच्यापुढे ठेवली.

फोनवर सुषमा हसली. गोल गोधडी कोणी पाहिली आहे का, असं तिने विचारलं. “मन्ही सासू म्हनी, बापनी पोळी लाटी दिन्ही का काय.” मग कधी आणताय, म्हणाली.

निंबाने खिळ्याला दोरी बांधून गोल आखला. कात्री वळणावळणाने गेली. साडेतीन मीटर किनार घेराला बरोबर बसली. टोकाला टोक लागलं, उरलं काही नाही.

चौरसाचे चार कोपरे मात्र पडले. गायत्रीने ते उचलून एकावर एक ठेवले.

“चिंधी शे ती,” निंबा म्हणाला. तीस वर्षांत त्याच्या हातून एवढी चिंधी पडली नव्हती.

“असू दे.”

तिने ते कोपरे वहीत, त्या ओळीच्या पानावर ठेवले आणि वही बॅगेत घातली. त्यांचं क्षेत्रफळ काढणं अवघड नव्हतं. तिने काढलं नाही.