दसऱ्याला धुतलेली जेटस्की

मित्रांनो, मी एक जुनी जेटस्की आहे, उभ्याने चालवायची. मला सीट नाही म्हणून हसू नका, माझी जातच तशी आहे. गोंडपिपरीकडचे लोक मला 'पान्यातली स्कूटर' म्हणायचे. म्हणोत बापडे. जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला, उमेदीची वर्षं गोव्याच्या किनाऱ्यावर गेली. दोन हजार चारच्या सुमारास वाजिदने मला इकडे आणलं, तेव्हा रंग उडाला होता, पण अंगात दम होता.

वाजिद आधी प्रवासी ऑटो चालवायचा. तो विकून त्याने मला घेतलं. गावच्या तलावात माझ्यावर कसरती दाखवायच्या आणि बघणाऱ्यांकडून पैसे घ्यायचे, हा त्याचा बेत. म्हणजे आता मी चालले तरच त्याचं घर चालणार. आमच्या तलावाच्या अर्ध्या पाण्यावर सुकरीबाईने आणि तिच्या वस्तीतल्या बायकांनी शिंगाड्याचे वेल लावले होते. हद्दीवर रिकामे पांढरे डबे बांधून तरंगत सोडलेले. सुकरीने वाजिदला साफ सांगितलं, डब्यांच्या अलीकडे हवा तेवढा नाच, पलीकडचे वेल तुटले की मशीन तलावाबाहेर. वाजिदने मान डोलावली.

आता माझं अंग थोडं समजून घ्या. मागच्या नळीतून मी पाण्याचा फवारा फेकते आणि त्याच्या जोरावर पळते. ही नळी वर-खाली करण्याला ट्रिम म्हणतात. नळी खाली असली की माझी शेपूट उचलली जाते आणि तोंड पाण्यात दबतं. मग मी चालवणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडवते, जरा हळू पळते, पण म्हणाल तिथे वळते. डाव्या मुठीजवळचा खटका दाबला की केबल ती नळी वर ओढते. तोंड वर येतं, वेग येतो, बघणारे टाळ्या पिटतात, आणि वळताना मात्र मी घसरत लांब जाते. उलार झालेली बैलगाडी पाहिली आहे ना? मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गाडी कुणाचं ऐकत नाही. माझंही तसंच. वळणाआधी खटका सोडायचा, नळी आपसूक खाली येते, संपलं.

माझी ट्रिमची केबल गोव्यातच तुटली होती. नवी इकडे कुठून मिळणार? वाजिदच्या मामूने, बशीर मिस्त्रीने, स्कूटरच्या क्लचची केबल कापून बसवली. झकास चालली. त्याने वाजिदला एवढंच बजावलं, "बेटा, हे केबल पान्यासाठी बनली नाई. ग्रीस सुकू नको देजो."

वाजिदने पावसाळाभर ते पाळलं. ऑटोच्या सवयीने तो सुरुवातीला वळणावर ॲक्सिलेटरच सोडायचा. अहो, फवाराच बंद केला तर मी वळू कशाने! दोनचारदा उताणा पडला तेव्हा शहाणा झाला. पुढे आमची चांगली गट्टी जमली.

मग दसरा आला. दसऱ्याला गाडी धुतल्याशिवाय राहतं कोण? बशीरच्या गॅरेजपुढे स्कूटरी आणि ट्रॅक्टर ओळीने उभे. आपलीच मशीन काऊन मागे राहावी, असं वाजिदला वाटलं. आदल्या दिवशी त्याने मला साबणाने घासलं, रॉकेलच्या चिंधीने पुसलं, केबलसुद्धा चकचकीत केली. ग्रीस पार निघून गेलं. ते परत लावायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. मला मात्र बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. इतक्या मायेने अंग कुणी चोळलं नव्हतं. सकाळी झेंडूचा हार घालून आम्ही पाण्यात उतरलो.

काठावर ही गर्दी! वाजिदने खटका दाबला, माझं तोंड वर आलं, शिट्ट्या सुरू झाल्या. डबे जवळ आले तसा त्याने खटका सोडला. नळी खाली आलीच नाही. ग्रीस नाही आणि साबणाचं पाणी आत राहिलेलं, त्यामुळे रात्रभरात केबल आतून गंजली होती; वर ओढली गेली ती तिथेच अडकली. त्याने अंग टाकून मला वळवायला पाहिलं, पण मी घसरतच गेले. डबे उडाले. समोर वेलांमध्ये सुकरीबाई डोंग्यात बसून शिंगाडे काढत होती. तिला पाहताच वाजिदने मला सोडून पाण्यात उडी टाकली. इंजिनच्या बटणापासून त्याच्या मनगटाला बांधलेली दोरी ओढली गेली आणि इंजिन बंद पडलं. वेल गुंडाळत गुंडाळत मी डोंग्यापासून हातभर अंतरावर थांबले. माझा जीव भांड्यात पडला.

वेलांचा मात्र पट्टाच्या पट्टा उपटला गेला होता. वाजिद पोहत आला. माझ्या पोटाखाली हात घालून सुकरीने अडकलेले वेल ओढून काढले, त्यांचे हिरवे शिंगाडे खुडले आणि त्याच्या ओंजळीत ठेवले.

"कोवळे हायेत भाऊ," ती म्हणाली. "कोजागिरीच्या बाजाराले भरले असते."

वाजिद म्हणाला, "मशीन आजच काढतो, बाई." 'राहू दे' म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती डोंगा वळवून उडालेले डबे गोळा करायला निघून गेली.

तेव्हापासून मी बशीरच्या गॅरेजमागे पडून आहे. अंगावर कोंबड्या बसतात. वाजिद पुन्हा ऑटो चालवतो, पण आता दुसऱ्याचा.

मित्रांनो, दसऱ्याला तुमची सायकल जरूर धुवा, हार घाला. पण चमकवून झालं की ब्रेकच्या तारेला तेलाचं बोट लावा. समोरून येणारं माणूस त्या तारेच्या भरवशावर चालत असतं. मी वळले असते हो. मला वळायचंच होतं.