सात नंबरची काठी आणि कुलूपवाल्याचा संशय

मी सात नंबरची एक जुनी गोल्फची काठी आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. आधी मी हात पाहते. तोंड खोटं बोलतं, पण मूठ नाही बोलत.

एका कारखान्यात वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं डोकं घडवलं. त्यावर बारीक खाचा पाडल्या, लांब दांडा बसवला आणि वर रबराची मूठ चढवली. माझे पहिले मालक वकील होते. फटका साधला की म्हणायचे, "बघा माझा हात!" आणि चुकला की म्हणायचे, "काठीच बेकार आहे." एकदा त्यांनी मला रागाने तळ्यात भिरकावलं. माळ्याने गळ टाकून बाहेर काढलं म्हणून वाचले. तेव्हापासून कौतुकाचा शब्द कानावर आला की मला आधी तळं आठवतं.

पुढे मी गावाबाहेरच्या सरावाच्या मैदानावर आले. तिथे शिकवणाऱ्या सरांना सगळे 'सावकाश सर' म्हणत, कारण त्यांच्या प्रत्येक सूचनेच्या शेवटी तो एक शब्द ठरलेला. त्यांच्याकडे दवाखान्यातल्या एक सिस्टर यायच्या. सकाळची पाळी संपली की थेट मैदानावर. त्यांच्या हाताला मलमाचा मंद वास असे. पहिल्या दिवशी त्यांनी मला असं धरलं, जणू मी हातातून पळून जाणार होते.

"आवळू नका," सर म्हणाले. "झोपलेल्या रुग्णाची नाडी बघताना मनगट धरता ना? तसं धरा. सावकाश."

सिस्टर हसल्या आणि मूठ सैल झाली. मग पाय खांद्यांइतके फाकवायचे, गुडघे जरासे वाकवायचे, नुसते हात न उचलता खांदे वळवायचे, आणि भार उजव्या पायावरून डाव्यावर न्यायचा, हे सगळं त्या हळूहळू शिकल्या. मला मात्र त्यांचाही संशय येई. एवढी दमलेली बाई घरी का जात नाही?

हाच संशय आणखी एकाला आला होता, तो म्हणजे त्यांच्या नवऱ्याला. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. जन्मभर दुसऱ्यांची दारं उघडून दिलेला माणूस, पण स्वतःच्या घराची कडी तीनतीनदा ओढून बघायचा. बायकोच्या बुटाला चिकटलेलं गवत त्याने पाहिलं, अंगठ्याखालचा फोड पाहिला आणि एक दिवस तो तिच्या मागोमाग आला. कुंपणापलीकडून त्याला एवढंच दिसलं, की एक परका माणूस आपल्या बायकोचा खांदा धरून वळवतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सिस्टर कामावर असताना, तो शिकायला म्हणून हजर झाला. सरांनी नेमकं मलाच त्याच्या हातात दिलं. त्याने माझी मूठ नाकाशी नेली आणि मलमाचा वास ओळखला. त्याची बोटं पांढरी पडली. हा माणूस चेंडू मारायला आलेला नाही, हे मला तिथेच कळलं.

"इथे बायकाही येतात वाटतं?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"येतात की."

"कोण कोण?"

"मला खांदे आणि मनगटं तेवढी लक्षात राहतात. तुम्ही चेंडूकडे बघा. सावकाश."

पण त्याची नजर फाटकावर, नाहीतर सरांच्या तोंडावर. मी प्रत्येक वेळी मातीत आपटायचे. तो रोज यायचा, रोज आडून विचारायचा आणि रोज चुकायचा. चेंडू मात्र त्याच्यावर हसत असल्यासारखा जागीच बसलेला असे.

मग एके सकाळी काय झालं कोण जाणे, विचारायचं त्याला सुचलंच नाही. खांदे वळले, भार सरकला, मी सरळ खाली आले आणि टक् असा स्वच्छ आवाज झाला. चेंडू दूर गेला. तो लहान मुलासारखा ओरडला, "गेला! सर, गेला!"

"अहो, तुम्ही? इथे?"

पाळी बदलली म्हणून सिस्टर लवकर आल्या होत्या. मला वाटलं, आता हा थाप मारणार. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, असं काहीतरी. पण तो खाली मान घालून म्हणाला, "तुझ्या मागावर आलो होतो."

"माझ्या मागावर?"

"घरी सांगितलं का नाहीस?"

"दिवसभर 'सिस्टर, सिस्टर', घरी आलं की 'अगं, अगं'. इथे मला कुणी हाक मारत नव्हतं, एवढंच. तेवढी जागाही तुम्ही चाचपून बघितलीत!"

त्यांनी मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. मला वाटलं, आता माझा उपयोग भलत्याच कामी होतो की काय! पण त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि त्या निघून गेल्या.

त्या बरेच दिवस आल्या नाहीत. कुलूपवाला एकदाच आला. "शिकायचं सोडतोय, सर. घरीही तिला तसं सांगितलंय. ती वेळ तिची आहे." मी कोपऱ्यात धूळ खात राहिले आणि माझ्या खाचांत गंज धरला.

शेवटी सिस्टर आल्या, पण आता त्याच फटका मारता मारता मागे वळून बघायच्या. कुंपणापलीकडे कुणी थांबलं की हात आखडायचे. संशय हा असा, मित्रांनो, एकाच्या घरातून उठतो आणि दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला जातो. कुंपणापलीकडचा रस्ता खरंच रिकामा आहे, हे मनाला पटायला त्यांना फार वेळ लागला.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्या नवऱ्याला बरोबर घेऊन आल्या. तो फाटकाशीच घुटमळला. त्या म्हणाल्या, "या आत. शेजारी उभं राहून खेळा. पण चेंडूकडे बघायचं, माझ्याकडे नाही."

तो आला, आणि निमूटपणे चेंडूकडे बघत राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर काम झाल्यावर खाचांतली माती काढा, ओलं ठेवू नका, मूठ झिजली तर नवी चढवा. एवढं केलंत तर आम्ही जन्मभर साथ देऊ. मात्र काल आम्ही कुणाच्या हातात होतो, ते विचारू नका. मी आज जेवढं सांगितलं, तेवढंच पुष्कळ झालं.