परबकाकूंना आता बरं आहे

पाचरस्त्याजवळच्या आमच्या वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे, आणि मुलुंडच्या बातम्या त्यावर रोज सकाळी मी लिहितो. पगार नाही, मानही नाही. कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा वाचनालयाची मंडळी घरी आली, ‘नाना, तुमचं अक्षर चांगलं’ म्हणाली आणि हातात खडू दिला. मी तो घेतला, इथंच फसलो. आता माझं खरं आडनाव लोक विसरलेत. पोस्टमनसुद्धा मला नाना फळेकर म्हणतो.

दिल्लीत काय झालं, बोरीबंदरला काय झालं, ते छापील पेपरात येतं. मुलुंडात काय झालं ते फळ्यावर येतं, आणि लोक पेपराआधी फळा वाचतात. वैद्यांच्या विहिरीतून एक कळशी निघाली आहे, ओळख पटवून न्यावी. टेकडीच्या बाजूला बिबट्या दिसल्याचं दूधवाला सांगतो, शेळ्या आत बांधाव्यात. अमक्याची मुलगी मॅट्रिक झाली, तमक्याकडे सत्यनारायण आहे. घरच्या माणसानं येऊन सांगितल्याशिवाय मी कुणाच्या घरचं काही लिहीत नाही. इतकी वर्षं झाली, फळ्यावरची बातमी खोटी निघाली असं कुणी म्हणायची हिंमत केलेली नाही. तेवढी एकच ऐट माझ्याकडे होती.

सगळ्यांत त्रासाची बातमी आजारपणाची. मेलेल्या माणसाची बरी, ती एकदा लिहिली की संपली. अमुक आजारी आहेत असं लिहिलं की अख्खं मुलुंड त्या घराकडे चालू लागतं. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे आमच्याकडे पाप, आणि ते पाप लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. मग संध्याकाळी यायचं, खुर्ची ओढायची, अस्सं दुखणं माझ्या मेव्हण्याला झालं होतं आणि तो बिचारा कसा गेला हे त्या आजाऱ्यालाच सांगायचं, आणि चहा प्यायचा. आजाऱ्याच्या घरी चहा नाकारला तर घरच्यांना वाईट वाटेल म्हणून लोक पितात. विचारला नाही तर लोकांना वाईट वाटेल म्हणून घरचे करतात. कुणालाच नको असलेला तो चहा रोज उकळत असतो.

रुक्मिणीबाई परब आजारी पडल्या तेव्हा तर सगळ्यावर कडी झाली. या बाई मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. रुळांच्या पूर्वेला, मिठागराच्या वाटेवर चिंचेखाली त्यांचं दोन खोल्यांचं घर. शेजार असा नाहीच. घरात त्या आणि त्यांची मुलगी प्रेमा. प्रेमा तिशीला आलेली, प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि लग्न राहून गेलेलं. मुलुंडात कुणाला ताप आला, कुणाचं बाळंतपण अडलं, कुणाकडे माणूस गेलं, की परबकाकू डबाभर पेज आणि लोणच्याची फोड घेऊन हजर. बोलायच्या कमी. उशाशी बसून राहायच्या. माझी बायको गेली तेव्हा त्या अशाच कितीतरी संध्याकाळी माझ्या ओसरीवर बसल्या होत्या. शहाणपणाचा एक शब्द न बोलता बसणारं माणूस मी त्यांच्याशिवाय दुसरं पाहिलं नाही.

तर अशा बाईच्या हृदयानं दगा दिला. पाय सुजले, दम लागायला लागला. ठाण्याहून सायकलवर येणारे डॉक्टर म्हणाले, आता पडूनच राहायचं. प्रेमानं येऊन सांगितलं, मी लिहिलं, आणि मुलुंडानं आपलं देणं फेडायला घेतलं. चार वाजले की मिठागराच्या वाटेवर माणसं दिसायची. काकू खूष. त्या पलंगावर बसून प्रत्येकाला नावानं हाक मारायच्या, पोराबाळांची चौकशी करायच्या आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणायच्या, “प्रेमा, चाय कर गे.”

प्रेमानं शाळेतून रजा काढली होती. सकाळी आईचं सगळं अंथरुणात करायचं, दुपारी औषधं, पथ्याचं, धुणं, आणि चार वाजल्यापासून दिवे लागून जाईपर्यंत चहा. रात्री आईला दम लागला की पाठीला उशा लावून धरून बसायचं. मी एकदा जाऊन आलो, तेव्हा ती भिंतीला टेकून उभ्याउभ्या डुलकी घेत होती, हातात गाळणी. मला काय वाटलं? बिचारी, असं वाटलं. आणि मग मी चहा प्यालो.

दोन महिने असे गेले. एका सकाळी मी फळा पुसत होतो तर प्रेमा येऊन उभी राहिली. पदर खांद्यावरून नीट घेतलेला, डोळे आत गेलेले.

“नाना, आजच्या बातमीत घाला. आईला आता बरं आहे. सगळ्यांनी विचारपूस केली, त्यांचे आभार.”

“खरंच? अगं वा! डॉक्टर काय म्हणतात?”

“डॉक्टरच म्हणाले,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मला खरोखर आनंद झाला. त्या आठवड्यात दोन मरणं लिहून माझा हात जड झाला होता. मी पिवळा खडू काढला, तो मी मुंजी-लग्नांसाठी जपून ठेवतो, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘परबकाकूंना आता बरं आहे.’ लोक वाचून म्हणाले, चला, देव पावला. त्यांनाही हायसं वाटलं असणार. मिठागराची वाट काही जवळ नाही. त्या संध्याकाळपासून तिकडे कुणी फिरकलं नाही. बरं असलेल्या माणसाकडे कोण जातं?

चारपाच दिवसांनी मी दोन मोसंबी घेतली आणि काकूंचं अभिनंदन करायला निघालो. दार सताड उघडं होतं. ओसरीवर खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. आत काकू पलंगावर, केस विंचरलेले, अंगात चांगलं लुगडं, आणि चेहरा असा उतरलेला की मोसंब्यांची पिशवी कुठं ठेवावी हेच मला सुचेना. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले होते. बरं वगैरे काही नव्हतं.

“या, या नानानू!” त्यांचे डोळे एकदम उजळले. “बसा. प्रेमा, चाय कर गे, नाना इलेत!”

मी बसलो. त्या दाराकडे बघत होत्या, माझ्यामागून आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी नाही असं पाहिल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“नानानू, तुमका म्हायत असतला. माजा काय चुकला? कोणाक काय वायट बोललंय काय मी?”

“छे हो, काहीतरीच काय!”

“मगे कोण कित्याक येवक नाय? ह्या चार दिसांत कोणच नाय. मी दार उगडा ठेवन घेतंय. केस करून घेतंय.”

“अहो, पण फळ्यावर तर…” मी सुरुवात केली आणि थांबलो. स्वयंपाकघराच्या दारात प्रेमा उभी होती. हात जोडले नाहीत, खूण केली नाही, नुसती बघत होती. मी तोंडातला घास गिळावा तसं ते वाक्य गिळलं. “लग्नसराई आहे ना काकू,” मी म्हणालो.

“सगळेच लग्नाक गेले?” काकू म्हणाल्या.

पाणी पिऊन येतो म्हणालो आणि आत गेलो. स्टोव्ह पेटलेला नव्हता. प्रेमा पाटावर बसली होती.

“काय केलंस हे, पोरी?”

“झोपले,” ती म्हणाली. “त्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, कुणी आलं नाही. मी इथंच फरशीवर आडवी झाले. आईनं हाका मारल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत. नाना, मला एक दिवस हवा होता हो. एकच. उद्या येऊन सांगणार होते की पुन्हा बिघडलंय. मग उद्या म्हटलं, आजचा एक दिवस आणखी. आणि ती तिकडे माझं काय चुकलं, माझं काय चुकलं करतेय. मला सांगवत नाही आणि ऐकवत नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडायलाही अंगात काही लागतं.

“मी उद्याच लिहितो, पुन्हा बिघडली म्हणून,” मी म्हणालो.

“नको. लिहा की प्रेमानं खोटं सांगितलं.”

“वेडी आहेस? शाळेत शिकवायचं आहे तुला. या गावात एकदा नाव गेलं की गेलं. आईला भेटायला येणारी माणसं हिनं हाकलली, असं होईल.”

“हाकललीच ना मी?” ती म्हणाली. मग हात टेकून उठायला गेली आणि पुन्हा बसली. “बरं, बिघडली असंच लिहा. माणसं येऊ देत. करीन मी चहा. करत होतेच की.”

आम्ही हळू बोलत होतो, पण भिंत कुडाची. पलीकडून हाक आली. “प्रेमा. हंय ये.”

प्रेमा गेली, मी मागोमाग. काकू तिच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता बाई रागावणार. इतक्या संध्याकाळी दाराकडे डोळे लावून काढल्या, अधिकारच होता त्यांचा.

“निजलंस?” त्यांनी विचारलं.

प्रेमाला आधी कळलंच नाही. “काय?”

“त्या दिसा. निजलंस मगे?”

“निजले.”

“बरां केलंस.” काकू दम घ्यायला थांबल्या. “माका कित्याक सांगूक नाय? मी काय खातलंय तुका?”

“आई, येऊ देत सगळे. तुला बरं वाटतं. नाना उद्या लिहितील.”

काकूंनी उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर रिकाम्या खुर्च्या आणि चिंचेचा पाचोळा, दुसरं काही नव्हतं.

“जल्मभर मी लोकांच्या घराक गेलंय,” त्या म्हणाल्या. “थंय चाय कोण करी होता, तां कदी बघूक नाय.” मग माझ्याकडे वळल्या. “नानानू, फळ्यार काय लिवू नकात. माका बरां आसा, तसाच असांदे. गे प्रेमा, दार लाव. वारो लागता.”

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. प्रेमा तशीच उभी राहिली, तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा जोरानं, “लाव म्हणतंय मा?” प्रेमानं जाऊन दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मी मोसंबी पलंगाखाली ठेवली. त्या दिवशी मी चहा न पिता परत आलो.

त्यानंतर मला लोक विचारायचे, “काय नाना, परबकाकू ठीक?” मी म्हणायचो, ठीक. मी, ज्याच्या फळ्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मधूनमधून अंधार पडायच्या आत मी तिकडे जायचो आणि दार वाजवून आत जाऊन बसायचो. बोलायचो नाही. प्रेमा खाली चटईवर झोपलेली असायची, आणि काकू बोट ओठांवर ठेवून मला गप्प बसायला सांगायच्या. त्यांना माणसांची आठवण यायची. कधीकधी एकेकाचं नाव काढून हळूच विचारायच्या, त्यांच्या सुनेचं काय झालं, त्यांच्या नातवाचा खोकला गेला का. मी सांगायचो. ज्या बातम्या फळ्यावर मावत नव्हत्या, त्या सगळ्या त्या दोन खोल्यांत खर्ची पडल्या.

थंडी सुरू झाली आणि त्या गेल्या. प्रेमा स्वतः सकाळी फळ्याशी आली. मी पांढऱ्या खडूनं लिहिलं, आणि तासाभरात मिठागराची वाट माणसांनी भरून गेली. सगळ्यांच्या तोंडी एकच. “अहो पण बरं होतं ना? फळ्यावर तर…” प्रेमा मान खाली घालून बसलेली. तिनं तोंड उघडायच्या आत मी पुढं झालो आणि म्हणालो, “माझ्या ऐकण्यात चूक झाली. वय झालं.” कुणी चुकचुकलं, कुणी माझ्याकडे रागानं पाहिलं. तेव्हापासून फळा वाचून लोक मला हमखास विचारतात, “नाना, पक्कं ना?” विचारोत.

काकूंना नेऊन आम्ही परत आलो तेव्हा ओसरीवर वेगळीच गडबड होती. सुतकाचं घर, तिथं घरची चूल पेटवायची नाही. म्हणून बायकांनी आपापल्या घरून स्टोव्ह आणले होते, दूध आणलं होतं, पिठलंभात झाकून ठेवलं होतं. नलिनीबाई वैद्य मोठ्या पातेल्यात चहा ढवळत होत्या, दोघीजणी कपबशा विसळत होत्या, एक जण आल्यागेल्याला नेऊन देत होती. इतक्या बाया, इतके हात. यांतल्या प्रत्येकीनं या घरात बसून प्रेमाच्या हातचा चहा घेतलेला होता. मला त्या सगळ्यांचा भयंकर राग आला, आणि माझाही.

नलिनीबाईंनी एक कप भरला, आत नेला आणि कोपऱ्यात बसलेल्या प्रेमाच्या हातात दिला. “बसून पी गं. अजिबात उठायचं नाही. आम्ही आहोत ना.”

प्रेमानं कपाकडे पाहिलं. मग मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “काकू, तुम्हाला चहा करता येतो?”

नलिनीबाईंना वाटलं, दुःखानं पोरीला भ्रम झालाय. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि साखर कमी पडली का, म्हणून विचारलं.