दुसरं कडवं

खडूचा तुकडा झिजून नखाएवढा उरला होता, आणि रेक्झिनवर त्याची शेवटची रेघ ओढताना तिच्या लक्षात आलं की उजवा पाय खाली आपणहून चालू आहे — मशीन बंद, दोरा ओवलेला नाही, तरी पायडलवर दोन ठोके, मग एक जागा रिकामी, मग पुन्हा ठोका... तिनं पाय उचलून स्टुलाच्या दांडीवर ठेवला. बाकी वाट्टेल ते वाजव बाबा, हे नाही. हे गाणं मेलं.

गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायचं दुकान तिचं स्वतःचं. शेजारचे तिला ढमाबाई म्हणतात, आणि साठी उलटलेली ही बाई अजून ड्रम बडवते याचं त्यांना हसू येतं, थोडा अभिमानही वाटतो, पण आवाज मात्र सहन होत नाही. बँड तिघांचाच. घोगऱ्या गातो आणि बेस गिटार वाजवतो. वायरमन गिटार वाजवतो, आणि एरवी लोकांच्या घरातली उडालेली वीज परत आणून देतो. तारुण्यात पंक रॉक म्हणजे काय ते धड माहीत नसताना सुरू केलं, आणि माहीत झाल्यावरही थांबले नाहीत. कॅसेट कंपनीवाले आले तेव्हा त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. कॅसेटी घोगऱ्याच्या स्वयंपाकघरात भरल्या — मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, तीही तशीच राहू दिली. पोलिसांनी एकदा ड्रम उचलून नेले, तर ही पत्र्याच्या पिंपावर वाजवायला बसली. कुणाच्या बापाचं खाल्लं नाही! आजही दुपारी वाजवायला जायचं होतं ते बस आगाराच्या फाटकावर. बसगाड्या धुणाऱ्या बायकांना कामावरून काढलं होतं, आणि त्या तिथेच ठिय्या देऊन बसल्या होत्या.

मग पायाला आजच हे कुठून सुचलं?

सकाळी निवडणुकीची गाडी गेली होती गल्लीतून, कर्ण्यावर तेच गाणं लावून. ‘दार उघड, नाहीतर दार उखडू!’ — आणि त्याला मागे सनई, व्हायोलिनं, बायकांचा गोड कोरस... शी! ती गाडी ज्याची, तो आज मंत्री आहे. एके काळी आमचा अँप्लिफायर खांद्यावरून वाहायचा, पहिल्या रांगेत उभा राहून घसा फोडायचा. खुर्ची मिळाली तसं म्हणाला, गाणं पक्षाला द्या. आम्ही नाही म्हटलं. त्यानं घेतलं. त्या दिवशी तिनं दोघांना सांगून टाकलं, आजपासून हे वाजणार नाही, आणि विषय संपला. कारण या तिघांत कुठलं गाणं घ्यायचं हे कधी बोलून ठरत नाही. हिचा पाय जो ठोका धरेल, त्यात त्या दोघांनी उडी मारायची. पहिल्यापासूनची रीत.

तरी जीव जळायचा तो जळायचाच. नातीनं एकदा विचारलं होतं, “आजी, तू त्यांचं गाणं गुणगुणतेस?” त्यांचं! अगं, त्यातला शब्द न् शब्द आम्ही... पण तिनं नातीला कोपऱ्यावरून दोरा आणायला पिटाळलं होतं. पोरीला काय सांगणार?

फाटकापाशी ऊन रणरणत होतं. बायकांनी स्वतःच्या सतरंजीची घडी करून तिच्या स्टुलावर घातली. एकीनं विचारलं, “मावशी, जमेल ना या वयात?”

“तुम्ही कान सांभाळा म्हणजे झालं,” ती म्हणाली.

पहिली तीन गाणी दणक्यात वाजली. घोगऱ्याचा आवाज फुटका होता, पण तो पहिल्यापासून फुटकाच. चौथ्यासाठी तिनं पाय दाबला — एक, दोन — आणि गुडघा अडकला. कळ अशी आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक जागा रिकामी गेली, आणि मग पाय पडला.

घोगऱ्यानं मान वळवून पाहिलं. वायरमननं पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर इतका आनंद... अरे, नाही रे बाबांनो, गुडघा आहे तो, मी नव्हे — पण रीत म्हणजे रीत. दोघांनी उडी मारली होती.

‘दार उघड, नाहीतर दार उखडू!’

बायकांचे चेहरे खाडकन उतरले. मघाच्या बाईनंच हात वर केला, “ए, बंद करा! हे त्यांचं गाणं आहे! कुणी पाठवलं तुम्हाला?”

काठ्या खाली ठेवायच्या, की संपलं. तिच्या हातात होतं. मनात आलंही — थांब, शोभा झाली, आता तरी थांब... आणि त्याच क्षणी लख्ख कळलं की इतकी वर्षं आपण हेच करत आलो. गाणं जपतोय म्हणत होतो, आणि प्रत्यक्षात? आपण गप्प बसलो म्हणून त्या मंत्र्याला मोकळं रान मिळालं. वा गं शहाणे! गुडघा ठणकत होता. तिनं अंगातला सगळा राग त्या पायात लोटला आणि ओरडली, “घोगऱ्या, पुढे! दुसरं कडवं!”

दुसरं कडवं कर्ण्यावर कधीच वाजत नाही. मंत्र्यानं ते पहिल्याच दिवशी कापलं होतं. घोगऱ्यानं डोळे मिटले आणि काढलं नरडं —

‘आज तू आत, आम्ही बाहेर,
उद्या आमचाच आत बसेल —
त्याच्याही दारावर हीच लाथ!’

हात वर केलेली बाई तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “हे पण ह्यातच आहे?”

“ह्यातच होतं!” वायरमन गिटार न थांबवता ओरडला.

“मग पुन्हा म्हणा की!”

पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा तर त्या बायकाच म्हणत होत्या, चपला आपटत, आणि चुकीचं — ‘आमचाच’च्या जागी कुणी ‘साहेब’ घातला, कुणी ‘मुकादम’, एकीनं तर सरळ आपल्या दिराला आत बसवलं. पूर्वी शब्द बदललेला तिला खपत नसे, घोगऱ्यालासुद्धा फाडून खायची. आज ती खदखदून हसत होती, घाम डोळ्यांत जात होता, आणि पाय जणू तिचा नव्हताच. हे गाणं आता नक्की कुणाचं, हे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. छे, आनंद होत होता, उघड उघड, बेशरम आनंद... येऊ दे ती गाडी उद्या पुन्हा गल्लीत. सनई लावा, व्हायोलिनं लावा. पहिलं कडवं तुम्ही म्हणा. पुढचं म्हणायला माणसं आहेत आता.